सभेला न आलेल्या चौघी

रांझी, जबलपूर
१९ सप्टेंबर १९६५

चि. भाऊरावास,

त्या दिवशी कोळसे ओले निघाले. सिगडी काही केल्या धरेना. पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते, डोळे चुरचुरत होते, तेवढ्यात कारखान्याचा पहिला भोंगा झाला. यांना जाऊन अडीच वर्षं झाली, तरी पहिल्या भोंग्याला माझा हात दोन कपांकडे जातो. एक मी परत फळीवर ठेवते. चहा घेतला, कप विसळला, रात्रीच्या ब्लॅकआउटसाठी खिडकीला लावलेला काळा कागद काढून गुंडाळून ठेवला, केर काढला आणि हंडा घेऊन नळावर गेले. रोजच्यासारखीच सकाळ होती. तुला हे सांगते, कारण पुढे जे झालं ते आम्ही कोणी ठरवून केलेलं नाही.

आमच्या गल्लीला नळ एकच. तिथे सगळ्यांची रांग. फिटरची बायको असो, चार्जमनची असो, नाहीतर माझ्यासारखी, हंडा ज्या जागी ठेवला ती आपली जागा. त्या दिवशी रांगेत राधाबाई गाठोडं घेऊन आल्या. तुला आठवत नसतील. साठीच्या आहेत, नवरा रेल्वेत होता, वारला. लढाईची चाहूल लागल्यापासून त्या, मी आणि गल्लीतल्या वीसेक बायका एका ठेकेदाराकडून कापड आणून घरी खाकी पिशव्या शिवतो. त्या तो कारखान्याला देतो, फौजेसाठी. राधाबाईंचं मागचं सगळं काम त्याने "सिलाई कच्ची है, बाई" म्हणून नापास केलं होतं, मजुरी बुडवली होती, आणि पिशव्या मात्र ठेवून घेतल्या होत्या. गाठोड्यात नवीन कापड होतं, नापास केलेल्यांच्या बदली फुकट शिवून द्यायला.

रांगेत बेबी होती. तिचा नवरा कारखान्यात पॅकिंगला आहे. ती म्हणाली, "अहो राधाबाई, तुमची ती शेवटची दुहेरी गाठ असते ना? हे कालच सांगत होते. दुहेरी गाठीच्या पिशव्या आत आल्या, मजबूत आहेत म्हणून साहेब खूश झाला."

नळ वाहत होता आणि भरलेल्या बादलीतून पाणी बाहेर चाललं होतं. माझी शेजारीण शकु, तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, ती म्हणाली, "मग त्या सेठला काहून द्यायचं आपण? सरळ कारखान्याला देऊ." मी म्हटलं, "ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा." हात रिकामे करायला बायकांनी हंडे, बादल्या खाली ठेवल्या. त्या आवाजाची मला अजून आठवण येते.

लढाईची घाई आहे, म्हणून कारखान्याच्या स्टोअरवाल्यांनी ऐकलं. कापड ते देणार, शिलाई आमची. सहकारी मंडळी नोंदवायला दिली आहे. अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही. जे ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून, हात वर करून.

तू ऑगस्टात लिहिलं होतंस की ठेकेदाराला बायकांवर देखरेख करायला एक शहाणी मुकादमीण हवी आहे आणि मी हो म्हणावं. त्याचं उत्तर हे असं आहे.

तुझी
भानूताई

*

इतवारी, नागपूर
२६ सप्टेंबर १९६५

गं. भा. भानूताईस,
भाऊचा दंडवत.

पत्र वाचून मी हसलो, मग घाबरलो. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या घरी चार माणसांत वरणात गूळ घालायचा की नाही हे ठरून नाही राहिलं, आणि वन्सं वीस बायांचा कारखाना चालवतील म्हणता?" मी तिला म्हटलं, तू ताईला ओळखत नाहीस. शाळा सुटली तेव्हा मास्तरांशी भांडून पुस्तकं घरी घेऊन आली होती ती.

पण ताई, मी वीस वर्षं कापडाच्या बाजारात बसतो आहे. तुला दोन गोष्टी सांगू दे. धंद्याला मालक लागतो. मालक वाईट म्हणून नाही, माल बुडाला तर रात्री झोप कोणाची उडणार, हे आधीच ठरलेलं असावं म्हणून. ठेकेदाराने पैसा गुंतवला, जोखीम घेतली, म्हणून तो नफा घेतो. राधाबाईंशी तो वाईट वागला हे मला मान्य आहे. पण माणूस व्यवहाराला चोख आहे. त्याला सुधारता आलं असतं. तू मुकादमीण झाली असतीस तर तूच सुधारलं असतंस.

सगळ्यांनी सगळं ठरवायचं हे पुस्तकात छान दिसतं. तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून काय काय आणून वाचतेस ते मला ठाऊक आहे. भावजींनीच तुला ती सवय लावली. पण देशसुद्धा असा चालत नाही. पाच वर्षांतून एकदा आपण शिक्का मारतो आणि घरी येतो. बाकी ज्याला कळतं तो बघतो. निदान एक अध्यक्ष नेमा.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. उद्या या सगळ्या जणींनी तुझ्याच विरुद्ध हात वर केले तर काय करशील?

लढाई थांबली हे बरं झालं. इथे अजून रात्री दिवे लावायला भीती वाटते.

तुझा
भाऊ

*

रांझी
१० ऑक्टोबर १९६५

चि. भाऊ,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. माझ्या विरुद्ध हात वर झाले तर मी मान्य करीन. कुरकुर करीन, पण मान्य करीन. नाहीतर मग ठेकेदारात आणि माझ्यात फरक काय?

आता तुझ्या मालकाबद्दल. झोप उडण्याचं म्हणतोस, तर राधाबाई महिनाभर झोपल्या नाहीत. जोखीम त्यांचीच होती, नफा तेवढा दुसऱ्याचा. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगायची गरज नाही. आणि देशाचं म्हणशील, तर माझ्या नवऱ्याने त्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. तिथे सेठ नाही, सरकारचा आहे, म्हणजे तुझा, माझा, सगळ्यांचा, असं म्हणतात. बावीस वर्षांत यांना कोणी एकदाही विचारलं नाही की अंबादास, हे यंत्र इथे ठेवू की तिथे. चीनच्या लढाईत हे सोळा-सोळा तास उभे होते. यंत्राच्या जागेमुळे दिवसभर मान वळवावी लागते, एवढंच यांचं म्हणणं होतं. ते सांगायला जागाच नव्हती. घरी येऊन मला सांगायचे. मी मान चोळून द्यायची. पुढच्या मार्चमध्ये गेले. मानेमुळे गेले असं मी म्हणत नाही. पण जो माणूस दिवसभर एका जागी उभा राहतो, त्याला त्या जागेबद्दल विचारावं, एवढं साधं मला हवं आहे. सेठ असो की सरकार.

सभा आम्ही रविवारी शाळेच्या ओसरीवर भरवतो. वहिनीची गंमत खोटी नाही. पहिल्या सभेत काम कसं वाटायचं यावर दोन तास गेले. शकुकडे पायमशीन आहे. ती म्हणाली, "मी दिवसाला दुप्पट शिवते, मग मला दुप्पट काम द्या ना." राधाबाई हाताने शिवतात. त्या म्हणाल्या, "तुझं मशीन तुझ्या नवऱ्याने दिलं. माझ्या नवऱ्याने मला हे दोन हात दिले, तेही आता थरथरतात. म्हणून मी अर्धं जेवू का?" बायका हसल्या, शकुसुद्धा हसली. शेवटी ठरलं की कापड सगळ्यांना सारखं, आणि जिचं लवकर संपेल तिने जिचं उरलं तिला हात द्यायचा. शकुने कुरकुरत हात वर केला. आणि खरंच काल राधाबाईंच्या पिशव्या मशीनवर मारून देत होती. वर म्हणत होती, "गाठ मात्र तुम्हीच मारा बाई, साहेबाला तीच आवडते."

एक नियम मी मांडला. काही जणी सभेला येत नाहीत आणि सोमवारी कापड न्यायला मात्र पहिल्या, वर नावं ठेवतात. म्हणून जी सभेला येईल तिचं मत आणि तिलाच त्या खेपेचं काम. सगळ्यांनी हात वर केले.

आता मी विचारते. ठेकेदाराला मुकादमीण हवी आहे आणि तो व्यवहाराला चोख आहे, हे नागपुरात बसून तुला कसं कळलं?

तुझी
भानूताई

*

इतवारी, नागपूर
२ नोव्हेंबर १९६५

गं. भा. भानूताईस,
भाऊचा दंडवत.

भाऊबीजेला तू आली नाहीस. ताट केलं होतं. तुझ्या वहिनीने तुझ्या नावाचा दिवा लावला. मंडळीचं काम आहे हे खरं, पण मंडळीनेच तुला सुट्टी द्यावी की नाही यावर हात वर केले असते, तर मला वाटतं तुझी सोय झाली असती.

सभेला येईल तिलाच काम, हा तुझा नियम मात्र मला आवडला. आता तू मालकासारखा विचार करायला लागलीस. चिडू नकोस. कोणीतरी कडक असावंच लागतं.

भावजींच्या मानेचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी दोन दिवस त्याचाच विचार करतो आहे. गल्ल्यावर बसून माझीही मान दुखते. पण मला उठता येतं.

इथे सोमवारी संध्याकाळी आमची चूल बंद असते. देशासाठी म्हणून सगळी इतवारी उपाशी झोपते, हॉटेलंसुद्धा. व्यापारी म्हणून लोक आम्हाला कितीही नावं ठेवोत. कापडाला उठाव नाही. लढाईत जाड कापडाची जी मागणी होती ती बसली. तुमचंही काम कमी होईल, तेव्हा वीस जणींत ते कसं वाटाल, याचा आत्ताच विचार करून ठेव. भरपूर असतं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवणं सोपं असतं. कमी पडायला लागलं की माणसं आपलं-परकं बघतात.

बाजारात बसलेल्याला ठेकेदारांची नावं कानावर येतातच. त्यात काय एवढं?

तुझा
भाऊ

*

रांझी
२० जानेवारी १९६६

चि. भाऊ,

कालपासून हे पत्र लिहायचं ठरवते आहे. आधी लिहिलं असतं तर ते तुझ्याच्याने वाचवलं नसतं.

तू म्हणाला होतास तसं काम कमी झालं. डिसेंबरपासून कापड निम्मं येऊ लागलं. तोवर गल्लीतल्या पुरुषांचीही कुरकुर सुरू झाली होती. बायका रविवारी ओसरीवर जमतात, हसतात, भांडतात, संध्याकाळचा चहा उशिरा होतो. एकीच्या नवऱ्याने तर म्हटलं, "लढाई संपली, आता तुमची सभा काहून चालू आहे?" दोन रविवार सभेला निम्म्याच आल्या. तेव्हा शकुने तोड काढली. संक्रांतीचं हळदीकुंकू येतंच आहे, त्याला कोणाचा नवरा नाही म्हणणार नाही. सभा त्यातच उरकून घेऊ.

तिने हे आमच्यासमोर सांगितलं. मीही मान डोलावली असेन. युक्ती चांगलीच होती. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

यंदा पंतप्रधान गेल्यामुळे गाणी, उखाणे काही नव्हतं, नुसतं हळदीकुंकू. साखर मिळत नाही म्हणून गुळाचे लाडू. ते आदल्या दिवशी शकुच्या स्वयंपाकघरात बसून मी वळले. तीळ मी भाजले, पाक मी धरला. लाडू वळायला विधवा चालते. मंगळवारी दुपारी मी माझ्या खोलीत शिवत बसले होते आणि भिंतीपलीकडे बायका येत होत्या. वाटीचा आवाज, बांगड्यांचा आवाज, "बसा बसा", "अच्छा, नवीन साडी". मग एकदम शांत झालं. मग कोणीतरी काहीतरी विचारलं आणि पुन्हा शांत झालं. मी माझ्या हातमशीनचं चाक धरून थांबले. हात वर केले की बांगड्या कोपराकडे सरकतात, त्याचा आवाज वेगळा येतो. तो आवाज मी भिंतीतून ऐकला.

ठरलं ते असं. निम्म्या कापडात सगळ्यांचं भागत नाही. नियम आधीपासूनच आहे, जी सभेला येईल तिलाच काम. तेव्हा जेवढ्या हजर आहेत तेवढ्यांत वाटून घ्यायचं. मी, राधाबाई आणि आणखी दोघी, आम्ही चौघी गैरहजर. चौघीही विधवा. गल्लीत ज्यांच्या घरी दुसरी कमाई नाही अशा आम्ही चौघीच आहोत.

बुधवारी मी कापड आणायला गेले तेव्हा बेबी वाटत होती. ती माझ्याकडे बघेना. "काकू, सभेत ठरलं," एवढंच म्हणाली. राधाबाई रिकामी पिशवी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "भानूबाई, आपण सभेला का नाही गेलो?"

भाऊ, ठेकेदाराने लुबाडलं तेव्हा मला राग आला होता, पण तो परका होता. त्याच्याकडून अपेक्षा काय करायची? या माझ्या आहेत. यांना मी हात वर करायला शिकवलं. हे गेले तेव्हा तेरा दिवस शकुने माझ्या घरी स्वयंपाक करून पाठवला होता. त्यांच्यातल्या एकीच्याही मनात पाप नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच संताप येतो. पाप असतं तर भांडता आलं असतं. यांना आम्ही नाही आहोत हे दिसलंच नाही. जिथे आम्ही कधीच नसतो तिथे आम्ही नाही, याचं कोणाला काय वाटणार?

तुझी
भानूताई

*

इतवारी, नागपूर
२३ जानेवारी १९६६

गं. भा. भानूताईस,
भाऊचा दंडवत.

पत्र काल मिळालं, राहवेना म्हणून लिहितो आहे. दुकान उघडं आहे आणि गिऱ्हाईक उभं आहे, राहू दे उभं.

मी सांगितलंच होतं, असं म्हणणार नाही. पण ताई, मी सांगितलंच होतं. एक ठेकेदार असला की निदान त्याच्या दारात उभं राहून शिव्या देता येतात. वीस जणींच्या सभेला शिव्या कुठे उभं राहून देशील? सगळ्यांनी ठरवलं म्हणजे कोणीच ठरवलं नाही. प्रत्येक जण म्हणणार, मी एकटीने थोडंच केलं. गर्दीसारखा निर्दय मालक नाही.

आणि तू मला शब्द दिला आहेस. तुझ्या विरुद्ध हात वर झाले तर मान्य करीन, असं तू लिहिलं होतंस. नियमही तुझाच. तू आता भांडायला उभी राहिलीस तर त्या म्हणतील, भानूकाकूंना आपल्या बाजूने लागलं तेव्हाच सभा पाहिजे. तुझी मान खाली जाईल, ते मला नको.

म्हणून मोकळेपणाने सांगतो. तो ठेकेदार आमच्याच दुकानातून जाड कापड घेत असे. तुमची मंडळी झाल्यावर त्याची खरेदी बंद झाली. ऑगस्टात तुझं नाव त्याला मीच सुचवलं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू माझी प्रत्येक गोष्ट व्यापाऱ्याची म्हणून वाचली असतीस. मला भावाची म्हणून सांगायची होती. दोन्ही खरं आहे. काल पत्र वाचल्याबरोबर मी त्याला तार केली. त्याच्याकडे तंबूच्या कापडाचं काम आहे. तुम्हा चौघींना तो घेईल, राधाबाईंनासुद्धा, मागचं बुडवलेलं देऊन. त्याची तशी तार आज आली. तू फक्त हो म्हण.

नाहीतर सरळ नागपूरला ये. इथे तुला कोणाच्या सभेची गरज पडणार नाही.

तुझा
भाऊ

*

रांझी
२८ जानेवारी १९६६

चि. भाऊ,

तुझं पत्र पंचवीस तारखेला आलं. उत्तराला तीन दिवस लावले, कारण आधी करायचं होतं आणि मग लिहायचं होतं.

कापडाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ठेकेदार पहिल्यांदा ताग्याचा शेवट माझ्या पुढ्यात टाकून गेला, त्याच्या काठावर तुझ्या दुकानाचा शिक्का होता. लहानपणी त्या शिक्क्याने आपण दोघांनी एकमेकांच्या हातावर छाप मारले होते, मी तो ओळखणार नाही का? राधाबाईंचं काम नापास झालं ते कापडसुद्धा तुझंच. वाट बघत होते की तू कधी सांगतोस. सांगितलंस, ठीक आहे. उशीर केलास. भावाची गोष्ट म्हणून सांगायची होती म्हणतोस, तर भावाने आधी शिक्का सांगावा, मग सल्ला द्यावा. मी मग सल्ला ऐकला असता. पटला नसता, पण ऐकला असता.

ठेकेदाराने राधाबाईंचं बुडवलेलं द्यायची तयारी दाखवली, ती तुझ्या तारेमुळे. म्हणजे राधाबाईंना न्याय मिळायला मला नागपुरात व्यापारी भाऊ असावा लागतो. ज्यांना नसेल त्यांनी काय करायचं? तुझ्या मालकाच्या राज्यात याचं उत्तर नाही. आमच्याही राज्यात आज नाही, कबूल. पण आमच्या राज्यात ते विचारता येतं.

आता मी दिलेल्या शब्दाबद्दल. पत्र आलं त्या रात्रभर तोच डोक्यात होता. मी म्हटलं होतं, माझ्या विरुद्ध हात वर झाले तर मान्य करीन. अजूनही म्हणते. मी त्या ओसरीवर बसलेली असते, म्हणाले असते की आम्हा चौघींचं पोट यावर आहे, आणि ते ऐकून, माझ्या तोंडाकडे बघून, सगळ्यांनी माझ्या विरुद्ध हात वर केले असते, तर मी घरी येऊन रडले असते आणि मान्य केलं असतं. पण ज्या दारातून मला आत येता येत नाही त्या दाराच्या आत जे ठरलं, त्याला मी सभा म्हणत नाही. हात किती वर झाले हे मोजायच्या आधी, कोणाचे हात आत येऊच शकत नव्हते हे बघायला पाहिजे. हे मी नियम मांडताना बघितलं नाही. नियम माझाच आहे आणि तो मी बदलायला लावणार. तू म्हणतोस गर्दी निर्दय असते. असेल. पण एकट्या मालकाला कोणी हे दाखवू शकत नाही, गर्दीला दाखवता येतं. एवढ्याचसाठी मला ती हवी आहे.

सव्वीस तारखेला शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं. सगळी गल्ली होती. मुलांना पेढे वाटले, मलाही एक दिला. झेंड्याला विधवा चालते. मैदानातून मी सरळ शकुच्या घरी गेले. ती भाजी निवडत होती. मी दारातच उभी राहिले.

ती म्हणाली, "आत या ना काकू, तिथे काहून उभ्या?"

मी म्हटलं, "त्या मंगळवारी मला आत यायला जमलं नाही. आज तरी चालतं का ते विचारून राहिले."

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. "तुम्हाला बोलावणार कसं होते मी, काकू? हळदीकुंकू होतं. सासूबाई बसल्या होत्या. माझ्या मनात काही नव्हतं हो, देवाशप्पथ."

"तेच सांगायला आले. तुझ्या मनात आम्ही नव्हतोच."

"असं नका बोलू. लाडू तर तुम्हीच वळले."

"हो. लाडू चांगले झाले होते का? मला कोणी सांगितलं नाही."

शकु रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही, हे तुला खरं सांगते. माझ्या अंगात इतका राग होता की तिचं रडणं मला उशिरा आलेलं वाटलं. आतून तिची सासू म्हणाली, "भानूबाई, रीत आहे ती. आपण थोडीच केली?" मी म्हटलं, "आजी, रीत तुमची तुम्ही पाळा, मी मोडायला नाही आले. मला कुंकू नको. मला कापड हवं आहे." म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "मग सभा दुसरीकडे घ्या ना बायांनो. देवाच्या तबकापाशी कापडाची वाटणी कोणी सांगितली तुम्हाला?" शकुने रडता रडता तिच्याकडे बघितलं. एवढी सरळ गोष्ट आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" शकु म्हणाली. "रविवारी नवरे येऊ देत नाहीत. देवळात पुन्हा बाजूला बसायची भानगड. कोणाच्या घरी म्हटलं तर पुन्हा सासवा." मी घरी आले. यांचा कोट खुंटीवर आहे, तो दर बुधवारी झटकते, तो झटकला. तेव्हा मला हंडे खाली ठेवल्याचा तो आवाज आठवला. जिथे आम्हाला कोणी बोलावत नाही आणि कोणी अडवतही नाही, कारण पाणी भरायला बाईने गेलंच पाहिजे, अशी जागा आमच्याकडे पहिल्यापासून होती. आम्हीच ती सोडून ओसरीवर गेलो, ओसरीवरून शकुच्या घरात.

ठेकेदाराला माझ्यातर्फे नाही म्हणून कळव. राधाबाईंचं बुडवलेलं तो देणार असेल तर ते त्यांच्या नावाने मनिऑर्डरने यावं, कामाच्या बदल्यात नाही. बाकी दोघींना मी तुझा निरोप सांगितला आहे. त्यांना जायचं असेल तर त्यांनी जावं, मी त्यांच्या वतीने हो किंवा नाही म्हणणार नाही. नागपूरला मी भाऊबीजेला येईन, राहायला नाही.

आणि एक. पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. लिहीत जाऊ नकोस. पोस्टमन ते मोठ्याने वाचतो. तू मानाने लिहितोस हे मला कळतं. पण माझा नवरा गेला हे सगळ्या रांझीला माहीत आहे आणि मला पहिल्या भोंग्याला रोज कळतं. नुसतं भानुमती लिही, पत्र पोचेल.

त्या रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिगडी पेटवली, चहा घेतला, राधाबाईंना हाक मारली आणि दोघी नळावर गेलो. रांग पूर्ण होईपर्यंत मी थांबले. मग हंडा खाली ठेवला, म्हटलं, मंडळीची सभा आता इथे सुरू होते आहे, आणि हात वर केला.

तुझी
भानूताई